नवऱ्यामागची पेन्शन: पहिल्यांदाच कागद हातात घेणाऱ्या बायकांसाठी

दहावं-तेरावं होतं, पाहुणे पांगतात आणि मग कपाटाच्या वरच्या कप्प्यातली प्लास्टिकची पिशवी खाली उतरते. तिच्यात जुनी वेतनचिठ्ठी, बँकेची तीन पासबुकं, एक्सपायर झालेला विमा आणि कुठल्याशा अर्जाची पुसट झेरॉक्स. घरातला पुतण्या किंवा जावई म्हणतो, "काकू, तुम्ही नका काळजी करू, आम्ही बघतो." बघतातही बिचारे. पण सही काकूंची लागते, अंगठा काकूंचा लागतो आणि खिडकीपलीकडचा लिपिक प्रश्नही काकूंनाच विचारतो.

मी बरीच वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत काढली. पेन्शनची प्रकरणं तयार करायची आणि वरून आलेल्या त्रुटी दुरुस्त करून परत पाठवायची, हे माझं टेबल. त्या टेबलासमोर बसलेल्या बहुतेक बायकांना आपला हक्क किती, हे ठाऊक नसायचंच. नवरा नेमक्या कोणत्या योजनेत होता, हेही ठाऊक नसायचं. म्हणून सुरुवात तिथूनच.

आधी ठरवा: पेन्शन कोणती?

"सरकारी नोकरी होती" एवढ्यावर काहीच कळत नाही. खरे प्रश्न दोन. पगार कोण देत होतं आणि नोकरी कधी लागली.

केंद्र सरकारात १ जानेवारी २००४ च्या आधी किंवा महाराष्ट्र शासनात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेला माणूस असेल, तर ती जुनी पेन्शन. त्यानंतर लागलेला असेल तर एनपीएस, म्हणजे पगारातून कापून साठवलेल्या पैशांची योजना. एसटीचा चालक, साखर कारखान्यातला फिटर, सहकारी बँकेतला शिपाई किंवा खासगी कंपनीतला कामगार असेल, तर फंडाच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफच्या), कार्यालयाची पेन्शन. तिला सगळे ईपीएस-९५ म्हणतात, कारण ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झाली. एसटीला 'सरकारी' म्हणून कोषागारात, म्हणजे ट्रेझरीत, चौकशीला गेलेल्या आणि दिवस फुकट घालवून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

पैसे येण्याचा रस्ताही वेगळा. केंद्राच्या पेन्शनरची पेन्शन बँक देते. राज्य शासनाच्या पेन्शनरची कोषागारातून येते. तिची मंजुरी महालेखापालांकडून मिळते. विदर्भ-मराठवाड्यासाठी नागपूरचं कार्यालय, उरलेल्या महाराष्ट्रासाठी मुंबईचं. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याचं प्रकरण मात्र जिल्हा परिषदेतच मंजूर होतं. चुकीच्या दारात उभं राहिलं की दोन-तीन महिने सहज जातात.

नावाचा घोळ, तोही आत्ताच

हे मी मुद्दाम रकमेच्या आधी सांगते, कारण माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच अडकली.

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहायची पद्धत. माहेरची शकुंतला सासरी वैशाली होते. सेवापुस्तकात नवऱ्याने लिहिलं वैशाली, आधारवर शकुंतला, रेशनकार्डावर नुसतंच 'वैशालीबाई' आणि बँकेत अजून माहेरचं आडनाव. घरात सगळ्यांना माहीत असतं की ही एकच बाई आहे. कागदाला ते माहीत नसतं.

नवरा हयात असेल तर काम सोपं आहे. त्याने कार्यालयात अर्ज द्यायचा आणि सेवापुस्तकातल्या कुटुंबाच्या तपशिलात नाव दुरुस्त करून घ्यायचं. निवृत्त झालेला असेल तर पीपीओत, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशात, तुमचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का ते पाहायचं. पीपीओत पत्नीचं नावच नाही, अशीही प्रकरणं निघतात. त्याच्या हयातीत त्याच्या एका अर्जाने जे होतं, त्यासाठी नंतर तुम्हाला विवाह नोंदणी, प्रतिज्ञापत्र, वारस प्रमाणपत्र असं सगळं जमवत बसावं लागतं.

नवरा गेलेला असेल आणि नावात फरक असेल, तर आधी लग्नाचा दाखला शोधा. नाव पूर्णच वेगळं असेल तर राज्याच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. एखाद्या अक्षराचाच फरक असेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी चालतं. कार्यालय काय मागतंय ते लेखी मागा. तोंडी मागणी दर फेरीला बदलते.

सरकारी कुटुंब निवृत्तिवेतन: रक्कम कशी ठरते

कुटुंब निवृत्तिवेतन म्हणजे नवऱ्यामागे तुम्हाला मिळणारी पेन्शन. आकडे केंद्राच्या नियमांचे देते. राज्याचा सांगाडा तसाच आहे, काही मुदती आणि किमान रकमा वेगळ्या आहेत.

दर दोन. साधा दर म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के. वाढीव दर म्हणजे ५० टक्के. नोकरीत असताना मृत्यू झाला तर वाढीव दर १० वर्षं मिळतो, मग साधा. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर वाढीव दर ७ वर्षं, किंवा नवरा हयात असता तर ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. दोन्हींवर महागाई भत्ता वेगळा. केंद्रात किमान रक्कम ९,००० रुपये.

उदाहरण घेऊ. शेवटचा मूळ पगार ६०,०००. साठाव्या वर्षी निवृत्त, पेन्शन ३०,०००. त्रेसष्टाव्या वर्षी गेले. सात वर्षं धरली तर सत्तरावं येतं, पण सदुसष्टावं आधी आहे. म्हणून चार वर्षं ३०,००० आणि नंतर १८,०००, दोन्हींवर महागाई भत्ता धरून. हा उतार आला की बायका घाबरून धावत येतात, "माझी पेन्शन कापली!" कापलेली नसते. पीपीओवर दोन्ही दर आणि बदलाची तारीख आधीच छापलेली असते. ती तारीख आत्ताच पाहून कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि गॅसचा, औषधांचा हिशेब त्या धोरणाने करा.

दुसरी भीती: "साहेबांनी पेन्शन विकली होती, मग मला कमी मिळणार का?" पेन्शन विकणं, म्हणजे तिचा काही भाग आगाऊ एकरकमी उचलणं. त्यामुळे नवऱ्याच्या हातात दरमहा कमी येत होतं, हे खरं. पण कुटुंब निवृत्तिवेतन त्या कापलेल्या रकमेवर ठरत नाही, आणि त्याची वसुली तुमच्याकडून होत नाही.

तिसरा प्रश्न कमावत्या बायका विचारतात, तोही जरा लाजत. मला स्वतःचा पगार आहे, मग मिळेल का? मिळेल. विधवा पत्नीला उत्पन्नाची अट नाही. तुम्ही स्वतः निवृत्त शिक्षिका असाल तर तुमची पेन्शन आणि नवऱ्यामागचं कुटुंब निवृत्तिवेतन, दोन्ही घ्या. पुनर्विवाहाचं मात्र वेगळं आहे. केंद्राच्या नियमात अपत्य नसलेल्या विधवेने पुन्हा लग्न केलं तरी तिची पेन्शन चालू राहते, पण तिचं दुसरं उत्पन्न किमान कुटुंब निवृत्तिवेतन आणि त्यावरचा महागाई भत्ता यांच्या बेरजेपेक्षा कमी हवं. मुलं असलेल्या विधवेने लग्न केलं तर हक्क मुलांकडे जातो.

वय ८० पूर्ण झालं की केंद्रात मूळ रकमेवर २० टक्के वाढ, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट. ही वाढ आपोआप लागायला हवी. लागत नाही तेव्हा कारण बहुतेकदा एकच असतं: पीपीओत पत्नीची जन्मतारीखच नसते.

आणखी एक, ज्यावरून घराघरांत भांडणं होतात. कुटुंब निवृत्तिवेतनाला नॉमिनी नसतो. नवऱ्याने इच्छापत्रात "माझी पेन्शन भावाला" असं लिहिलं तरी त्याला अर्थ नाही. ते कुणाला द्यायचं हे नियम ठरवतात, आणि पहिला हक्क पत्नीचा. वेगळी राहणारी, पण घटस्फोट न झालेली पत्नीही पत्नीच. घटस्फोटित पत्नीला मिळत नाही, तिच्या मुलांना मिळतं. पहिली हयात असताना केलेलं दुसरं लग्न हिंदू कायद्याने वैध नसल्याने त्या बाईला काही मिळत नाही, मुलांचा हक्क मात्र राहतो. ग्रॅच्युइटी, फंड आणि बँकेतली ठेव यांना मात्र नॉमिनी लागतो. तिथे नवऱ्याने लग्नाआधी आईचं नाव घातलेलं असेल तर ते बदललंय का, हे तो हयात असतानाच विचारा. वाईट दिसतं, पण विचारा.

अर्ज करताना

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा आणि दाखल्याच्या दहाएक प्रती एकदमच घ्या. नवऱ्याच्या खात्यावर मृत्यूनंतरही पेन्शन जमा झाली तर ती उचलू नका. बँक ती परत घेते, आणि खर्च केलेली असेल तर ओझं तुमच्यावर येतं. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन तुमचीच, आणि दुसऱ्या दिवसापासून कुटुंब निवृत्तिवेतन सुरू.

नवरा पेन्शनर होता, पीपीओत तुमचं नाव आहे आणि खातं दोघांचं संयुक्त आहे, तर काम हलकं. केंद्राच्या बाबतीत बँकेत अर्ज, मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत आणि तुमची ओळखपत्रं. त्यासाठी नवीन खातं उघडायचा आग्रह बँकेने धरायचा नाही. राज्याच्या बाबतीत हेच कागद, फोटो आणि पासबुक घेऊन कोषागारात. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर सगळं त्याच्या कार्यालयातून होतं. तिथे नमुने तुम्हाला भरून देणं हे आस्थापना लिपिकाचं काम आहे, उपकार नाहीत. मी त्याच खुर्चीत बसत होते म्हणून हे ठामपणे सांगते.

जो कागद द्याल त्याची पोच घ्या. प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पुढच्या फेरीत "आमच्याकडे आलंच नाही" हे वाक्य ऐकू आलं, तर त्या क्रमांकापुढे ते टिकत नाही.

एनपीएसवाल्यांच्या बायकांना कुणीतरी सांगतं, "तुम्हाला पेन्शन नाही." हे अर्धवट आहे. महाराष्ट्र शासनाने ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने सेवेत असताना दिवंगत झालेल्या एनपीएस कर्मचाऱ्यांच्या कुटुंबालाही कुटुंब निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी लागू केली. केंद्रात आपल्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन घ्यायचं की एनपीएसमध्ये साठलेली रक्कम, याचा विकल्प कर्मचारी सेवेत असताना भरून देतो. तो काय भरलाय ते विचारा. कुटुंब निवृत्तिवेतन घेतलं तर साठलेल्या रकमेतला सरकारी वाटा सरकारकडे परत जातो आणि त्याचा स्वतःचा वाटा तुम्हाला मिळतो.

फंडाच्या कार्यालयाची पेन्शन

रक्कम लहान, पण सोडायची नाही. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के या पेन्शनला जातात, तेही १५,००० पगाराच्या मर्यादेत, म्हणजे महिन्याला फार तर १,२५०. त्यामुळे पेन्शनही बेताची. हिशेब असा: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. सेवा २० वर्षं भरली, तर दोन वर्षं वाढवून मिळतात. लागताना पगार १५,००० च्या आत होता, पुढे वाढला आणि सगळी २० वर्षांची सेवा २०१४ च्या सप्टेंबरनंतरची, असं धरू. १५,००० गुणिले २२, भागिले ७०, म्हणजे साधारण ४,७१४ रुपये. नवरा पेन्शनर असताना गेला तर पत्नीला निम्मी, म्हणजे २,३५७. किमान रक्कम १,००० रुपये, २०१४ पासून तेवढीच.

नोकरीत असताना मृत्यू झाला तर १० वर्षांच्या सेवेची अट नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन आहे. ही गोष्ट कंत्राटी कामगारांच्या बायकांना कुणी सांगत नाही. सरकारी योजनेत साधारणपणे एका वेळी एकालाच मिळतं, इथे तसं नाही. विधवेसोबत दोन मुलांनाही वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत तिच्या पेन्शनच्या २५ टक्के प्रत्येकी मिळतात. विधवेने पुन्हा लग्न केलं तर तिची पेन्शन थांबते आणि मुलांना अनाथांच्या दराने मिळू लागते.

मागायच्या गोष्टी तीन. फंडाचे पैसे, पेन्शन आणि विमा. या विम्याची वर्गणी मालक भरतो, पगारातून काही कापलं जात नाही, म्हणून तो घरात कुणाला माहीतच नसतो. त्याची कमाल रक्कम ७ लाख रुपये. फॉर्म २०, १०-डी आणि ५-आयएफ अशी त्यांची नावं, आता मृत्यूच्या प्रकरणात तिन्हींसाठी एकच एकत्रित अर्ज आहे. फंड काढला आणि विमा राहून गेला, असं तुमचं होऊ देऊ नका.

एक तपासणी नवरा हयात असतानाच करा. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागला आणि पगार सुरुवातीपासूनच १५,००० च्या वर होता, तर तो या पेन्शनमध्ये नाहीच. मालकाचा सगळा हिस्सा फंडात जातो. पासबुकात पेन्शनचा रकाना शून्य दिसला तर समजायचं की मागे विधवेची पेन्शन नाही, आणि मुदतीच्या विम्याचा विचार करायचा.

नोकरी तुमची असेल तर

लग्न झालं, मूल झालं, नोकरी सोडली आणि फंड काढून फ्रीज घेतला. फंड काढा हवा तर, पण त्याबरोबर फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढू नका. ते काढले की ती वर्षं पुसली जातात. त्याऐवजी त्याच फॉर्मवर योजना प्रमाणपत्र, म्हणजे ती वर्षं तुमच्या नावावर जमा असल्याचा कागद, मागा. पहिली नोकरी सहा वर्षं, मुलं शाळेत गेल्यावर दुसरी पाच वर्षं, बेरीज अकरा. ५८ व्या वर्षी तुमची स्वतःची पेन्शन. पहिले सहा वर्षांचे पैसे उचलले असते तर हातात पाच वर्षंच, आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांच्या सेवेची अट काही भरत नाही. घरात बसलेल्या वर्षांनी बायकांचं जेवढं नुकसान होतं, तेवढंच या एका फॉर्मने होतं, असं माझं मत.

केंद्र सरकारी कर्मचारी महिलांसाठी १ जानेवारी २०२४ पासून एक मोठा बदल आहे. घटस्फोटाचा दावा चालू असेल, किंवा नवऱ्याविरुद्ध कौटुंबिक हिंसाचार, हुंडाबंदी किंवा दंडविधानाखाली प्रकरण असेल, तर आपल्यामागे पेन्शन नवऱ्याच्या आधी मुलांना मिळावी असं ती कार्यालयप्रमुखाला लेखी कळवू शकते. लेखी, हे महत्त्वाचं. मैत्रिणीला सांगून काही होत नाही.

मुलींचं थोडक्यात. केंद्रात २५ वर्षांवरच्या अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीलाही आईवडिलांमागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. अट एवढीच की तिचं उत्पन्न ९,००० आणि त्यावरचा महागाई भत्ता यांपेक्षा कमी हवं. घटस्फोटाचा दावा आईवडील दोघांपैकी एकजण तरी हयात असताना दाखल झालेला असायला हवा. तिचं नाव कुटुंबाच्या तपशिलात आत्ताच घालून ठेवा.

आणि नवऱ्याची नोकरी कुठलीच नव्हती, शेतमजुरी किंवा हमाली होती, तर तहसील कार्यालय. संजय गांधी निराधार योजनेत ६५ वर्षांखालच्या विधवेला महिना १,५०० रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. ६५ नंतर श्रावणबाळ योजना. घर दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभाचे एकरकमी २०,००० रुपये वेगळे. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा.

दरवर्षीचं काम

कुटुंब निवृत्तिवेतन हे करपात्र उत्पन्न आहे, पण पगारासारखं नाही, 'इतर उत्पन्ना'त धरतात. त्यातून एक तृतीयांश किंवा ठरावीक कमाल रक्कम, यातली कमी असेल ती वजा होते. ती कमाल रक्कम जुन्या करपद्धतीत १५,००० आणि नव्या पद्धतीत २५,०००. विवरणपत्र भरणाऱ्या मुलाने ते पगाराच्या रकान्यात टाकलं तर त्याला थांबवा.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. ८० वर्षांवरच्यांना केंद्रात १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. फंडाच्या पेन्शनला नोव्हेंबरची सक्ती नाही, वर्षात कधीही द्या, तिथून १२ महिने चालतो. चुकला तर पेन्शन बंद होते, रद्द होत नाही. दाखला दिला की थकबाकीसकट सुरू होते. फोनवर कुणी "दाखला अपडेट करतो, ओटीपी सांगा" म्हणालं तर फोन ठेवून द्या.

भांडी, धुणं आणि शेतातली कामं यांनी बोटांचे ठसे इतके झिजलेले असतात की यंत्रावर अंगठा दहादा ठेवला तरी उमटत नाही. तेव्हा रांगेत रडवेलं होऊन उभं राहू नका. मोबाइलवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला देता येतो, नातवाला सांगितलं तर पाच मिनिटांत करून देतो. नाहीतर पोस्टमनला घरी बोलवा, पोस्ट पेमेंट्स बँकेची ही सेवा ७० रुपयांत मिळते.